आमच्या घरात द्वारका कुणी न्हाई

माझ्या ऑफिसात बोटीची चौकशी करायला आलेला माणूस, बोट कुठं जाते हे कधीच आधी विचारत नाही. तो खुर्चीत बसतो, पंख्याकडं बघतो आणि विचारतो, "जेवण हाय का आत?" आहे म्हटलं की दुसरा प्रश्न, "किती बी?" कितीही म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. त्यानंतर बोट कुठंही गेली तरी त्याची हरकत नसते.

विश्रामबागेत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी अठ्ठावीस वर्षं तिकिटं काढली. आधी रेल्वेची, मग विमानाची आणि शेवटची काही वर्षं समुद्रावरच्या सहलींची, म्हणजे ज्याला आता सगळे क्रूझ म्हणतात. सांगलीत बसून हा धंदा करणं सोपं नव्हतं. इथल्या माणसाला बोट माहीत ती पुरातली. कृष्णा वाढली की पत्र्यावरून शेळी, म्हातारी आणि गॅसची टाकी उतरवून घेणारी. त्यामुळं सुरुवातीला मी कुणाला "बोटीनं फिरायला चला" म्हटलं की तो दचकून विचारायचा, "का? धरणातनं पाणी सोडलं काय?"

मग हळूहळू लोकांच्या मोबाइलवर फोटो यायला लागले. पाहुण्यांतल्या कुणीतरी बोटीच्या कठड्याला टेकून, गॉगल लावून फोटो काढला की महिन्याभरात त्याचे तीन चुलतभाऊ माझ्या जिन्यावर उभे असायचे. समुद्र बघायचा होता असं म्हणायला माझं धाडस होत नाही. त्यांना तो कठडा पाहिजे होता.

अशा लोकांना मी जे सांगायचे ते इथंही सांगते, कारण ऐकत कुणीच नाही. बोटीतली खोली निवडताना आपले लोक एसटीचा हिशोब लावतात. पुढची सीट चांगली, मागं धक्के बसतात. बोटीचं उलटं असतं. पुढची आणि वरची खोली सगळ्यांत जास्त हलते. ज्याला गाडी लागते त्यानं मधली आणि खालची खोली घ्यावी, कारण गाडी लागते तशी बोटही लागते, आणि ती थांबवून रस्त्याकडेला उतरता येत नाही. खिडकीची खोली घेताना खिडकीबाहेर काय टांगलंय ते विचारावं. एका डॉक्टरांनी जादा मोजून खिडकी घेतली आणि चार दिवस जीव वाचवायच्या होडीचा नारिंगी बुडखा बघत बसले.

आणि मोठी बॅग. ती बंदरावर तुमच्याकडून घेतात आणि खोलीत आणून देतात ती संध्याकाळी. म्हणून औषधं, चष्मा, कागद हातातल्या पिशवीत ठेवा, असं मी छापून देते. कवठे महांकाळचे एक गुरुजी होते, माझ्या छापील कागदातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून त्यांनी तो मला परत दिला होता. त्यांनी आपली कवळी मोठ्या बॅगेत ठेवली. समोर कितीही आणि काहीही खायला मांडलेलं, आणि गुरुजी पहिला अख्खा दिवस ताकभात कालवत बसले. चुका काढताना मजकूर वाचायचा राहून गेला, असं मी त्यांना म्हणाले नाही. आता म्हणते.

पण या सगळ्याच्या वरचा नियम एकच. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरानं अक्षर सारखं पाहिजे. माझ्या खुर्चीच्या मागं लाल शाईत पाटी होती, 'कार्ड बघितल्याशिवाय बुकिंग नाही'. या पाटीपायी मी चांगल्या चांगल्या वकिलांना जिन्यावरून परत पाठवलंय. पाटीवरचा हा नियम मी स्वतः एकदाच मोडला.

दिलीप आष्ट्याचा. तिथं त्याचं खतं-औषधांचं दुकान, जवळच्या नदीकाठच्या गावात घर आणि ऊस. वडील फौजेतून निवृत्त झालेले, गाव त्यांना सुभेदार म्हणतं. आईला सगळे आक्का म्हणतात. आईवडलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून दिलीपला आईला सरप्राइज द्यायचं होतं, आणि सरप्राइज ठरवायला तो आईलाच घेऊन आला होता.

सुभेदारही बरोबर होते. त्यांनी बसल्याबसल्या मला देश समजावून सांगितला. "लडाख झालं, सिक्कीम झालं, जैसलमेर झालं. समुद्र तेवढा राहिलाय, मॅडम. खोली एकदम पुढची द्या. मी मागं बसत न्हाई." मधली घ्या म्हणून मी सांगून बघितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. उणे वीसमध्ये बंकरात राहिलेल्या माणसाला पाणी काय करणार, असा एकूण मुद्दा होता.

आक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. नवऱ्यानं देश बघितला त्या काळात त्यांनी सासू, सासरे, दोन म्हशी आणि तीन पोरं बघितली होती. मी विचारलं, "आक्का, तुम्हाला काय बघायचंय?" त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पोराकडं. दोघंही माहितीपत्रकातल्या जेवणाच्या फोटोत गुंतले होते.

"आवं बाई, पानी मी लय बघितलंय," त्या म्हणाल्या. "दोनदा सैपाकघरातल्या फळीपतोर आलं हुतं. मला एकदा घरात न शिरणारं पानी बघायचं हाय. चारी बाजूला काठच दिसत न्हाई म्हंत्यात. खरं हाय का?"

खरं आहे, म्हटलं. मुंबई-गोवा बोटीत एक अख्खा दिवस नुसता समुद्र असतो.

"मग तेवढं दावा. जेवान मला घरात बी हाय."

अठ्ठावीस वर्षांत इतकी नेमकी मागणी मी ऐकली नव्हती.

दिलीपनं फॉर्म माझ्याच टेबलावर भरला. मधेमधे फोनवर कुणाला तरी द्राक्षावर काय फवारायचं ते सांगत होता. वडलांच्या कार्डाचा फोटो त्यानं पाठवला. "आईचं कार्ड तिच्या ट्रंकंत हाय. घरी गेलो की लगेच पाठवतो." आईच्या नावाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, शालन. पुढं वडलांचं नाव, आडनाव. त्या दिवशी माझी तीस जणांची यादी पूर्ण व्हायची होती, बोटवाल्यांचे फोनवर फोन येत होते. लगेच म्हणजे आपल्याकडं केव्हा हे मला माहीत असूनही मी यादी पाठवून दिली. आईचं नाव कोण चुकवेल, असं मला वाटलं.

फोटो आला नाही. मीही पुन्हा मागितला नाही.

ठरल्या दिवशी आमची बस सकाळी मुंबईच्या बंदरावर पोचली. तीस माणसं आणि मी. बसमध्ये भडंगाच्या पिशव्या इतक्या होत्या की बोट बुडायला तेवढ्या पुरल्या असत्या. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हेही मी छापून दिलेलं होतं. सगळ्या पिशव्या बसमध्येच ठेवायला लावल्या, तेव्हा तीस जणांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांच्या तोंडचा घास काढलाय. आक्कांनी नवी अंजिरी साडी नेसली होती. बोट बघून त्या म्हणाल्या, "ही तरंगती?" सुभेदारांनी त्यांना तरंगण्यामागचं शास्त्र सांगितलं, चूक.

तिकिटं तपासायच्या खिडकीवरच्या मुलीनं आक्कांचं कार्ड हातात घेतलं, यादी बघितली, पुन्हा कार्ड बघितलं. "ये शालन कौन है?"

सगळ्यांनी आक्कांकडं बोट केलं. मुलीनं कार्ड माझ्यापुढं सरकवलं. फोटो आक्कांचा होता. नाव होतं द्वारका.

चूक अशी झाली होती. माहेरच्या त्या द्वारका. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं शालन लिहिलं, आणि मतदार यादीत, रेशन कार्डावर, पोरांच्या दाखल्यावर सगळीकडं शालन झालं. पुढं आधार कार्डाचं शिबिर गावच्या शाळेत आलं तेव्हा सुभेदार पेन्शनच्या कामाला गेलेले आणि आक्का एकट्याच रांगेत उभ्या राहिल्या. माहेरचा शाळेचा दाखला ट्रंकेत होता, तो घेऊन.

"तिथल्या माणसानं नाव काय म्हणून इचारलं," आक्का त्या मुलीला शांतपणे सांगत होत्या. "मला तवापतोर कुणी इचारलंच नव्हतं, सगळ्यांनी लिवूनच घेतलं हुतं. त्यानं इचारलं म्हणून मी माजं सांगितलं."

मुलीला मराठी येत नव्हती. मला येत होती. माझ्या ऑफिसच्या पाटीवरचं स्नेहल हे नावही मला तसंच तांदळात लिहून मिळालंय. बाईला दोन नावं असतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि तरी मीच विचारलं नव्हतं.

मतदार कार्ड असतं तरी चाललं असतं. मी दिलीपला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, काहीतरी घोळ झालाय त्येंचा. आमच्या घरात द्वारका कुणी न्हाई."

"तुमची आई द्वारका आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आप्पांना द्या फोन." सुभेदारांनी फोन घेतला आणि पोराला सांगितलं, "व्हय, तवा हुतं तसं नाव. पन्नास वर्षांमागं." मतदार कार्ड दुकानाच्या कपाटात होतं, आष्ट्याला. त्याचा फोटो आला, पण बोटवाल्यांना अस्सल कार्ड पाहिजे होतं. यादी आदल्या दिवशीच बंद झाली होती, त्यामुळं नवीन नाव घालता येत नव्हतं. मी साहेबांना भेटले, त्यांच्या साहेबांना भेटले. आवाज चढवून बघितला, उतरवून बघितला. एकाच्या पाया पडायचं तेवढं राहिलं. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली.

"आता कसं करायचं?" मी सुभेदारांना विचारलं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, चला, आम्ही दोघं माघारी जातो. ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "दोघांनी घालवण्यात काय अर्थ न्हाई. आलोयच तर मी जाऊन येतो. तिला काय, समुद्र हितनं बी दिसतोय की."

आक्का म्हणाल्या, "आवं, जावा तुमी. गोळ्या निळ्या पिशवीत हायत्या. सकाळच्याला पांढरी."

एवढं लिहून मी सुभेदारांना हसत बसले असते, पण पुढचं वाक्य माझं आहे. मीही चढले. एकोणतीस माणसं आत गेली होती, त्यांतली निम्मी लिफ्टचं बटण कुठलं दाबायचं ते मला विचारणार होती. त्यांना सोडता येत नव्हतं, हे तेव्हा खरं होतं आणि आजही खरं आहे. आक्कांना मी आमच्या रिकाम्या बसमध्ये बसवून दिलं. पन्नास सीटच्या गाडीत एक बाई आणि तीस जणांचं भडंग. ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं, कराडला चहाला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, तुजं नाव काय रं?"

बोट निघाली आणि तासाभरात सुभेदारांना लागली. पुढची, वरची खोली. बंकर, उणे वीस, सगळं बादलीत गेलं. तीन दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडून होते, मी लिंबू आणि आल्याचे तुकडे पोचवत होते. समुद्राचा दिवस त्यांनी डोळे मिटून काढला. गोव्यात उतरायची ताकद नव्हती. शेवटच्या सकाळी भिंत धरत धरत ते बोटीतल्या दुकानापर्यंत गेले आणि आक्कांसाठी फ्रिजला चिकटवायची छोटी बोट घेऊन आले. तुमच्याकडं फ्रिज आहे का, असं मी विचारलं. "न्हाई," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी मी ऑफिस बंद करायचं ठरवलं. पावसाळाभर मुंबईहून या बोटी निघत नाहीत, त्या मोकळ्या दिवसांत आवराआवर करताना लाल शाईची पाटी खाली काढली आणि तिच्याकडं बघवेना. दिवाळीनंतर माझा शेवटचा ग्रुप जाणार होता. मी सरळ आक्कांच्या गावाला गेले.

दिलीप दारातच भेटला. मी आल्याचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा तर बोटीचं नाव काढू देत न्हाईत. आन् ती एकटी कशी जाईल, मॅडम?"

"एकटी नाही. माझ्या खोलीत, माझ्याबरोबर. मधली आणि खालची खोली आहे."

"पण घरचं..."

"घरचं पाच दिवस तुम्ही बघा. दोन म्हशी आहेत ना?"

सुभेदार आतल्या खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही. थोड्या वेळानं पेपरच्या मागून आवाज आला, "जाऊ दे तिला. आल्याच्या वड्या संगं द्या." त्या माणसाकडून मला एवढीही अपेक्षा नव्हती, म्हणून नोंदवते.

आक्कांनी ट्रंक उघडली. ती छोटी बोट लोखंडी झाकणाला आतल्या बाजूनं चिकटवलेली होती. खालून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढून त्यांनी माझ्याकडं दिलं. दिलीप मागून वाकून बघायला लागला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, ओठ हलवत आईचं नाव वाचत होता. मी फॉर्म तिथंच, ट्रंकेवर ठेवून भरला. अक्षरानं अक्षर.

बंदरावर पुन्हा तीच खिडकी, मुलगी दुसरी. तिनं यादी वाचत हाक दिली, "द्वारका..."

आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं, कोण बाई आहे ती म्हणून. मुलीनं पुन्हा नाव घेतलं. रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा आक्कांनी हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. "मी. मीच हाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना वरच्या मोकळ्या मजल्यावर घेऊन गेले. बाकीचा ग्रुप नाश्त्याच्या रांगेत होता, तिसऱ्या फेरीत. आक्का कठड्यापाशी गेल्या. एका बाजूला बघितलं, मग सावकाश चालत दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडं बघितलं. मग मागं आणि पुढं. माझ्यावर विश्वास न ठेवण्याचं त्यांना पुरेपूर कारण होतं. चारी बाजू तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "न्हाई बाई काठ."

फोनला रेंज नव्हती.

"हितनं हाक मारली तर काठाला ऐकू जायाची न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मारा की."

"काय?"

"हाक. द्वारका न्हाई, द्वारके म्हना. माहेरात तसंच म्हनायचे."

मी आधी मागं वळून कुणी आहे का बघितलं. लोकांना आयुष्यभर हसलेल्या बाईला ती भीती असतेच. मग मारली. "द्वारकेऽ"

"ओ," आक्का म्हणाल्या. लगेच, जवळच कुठंतरी खेळत असल्यासारख्या. आणि हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. मग पदर बाजूला करून माझ्याकडं वळल्या. "तुमचं काय नाव, बाई?"

"स्नेहल."

"ते पाटीवरचं झालं. तुमचं इचारते मी."

मी सांगितलं. कुसुम.

त्यांनी कठडा धरला, पाण्याकडं तोंड केलं आणि सगळा श्वास लावून हाक मारली, "कुसमेऽ"

मला ओ द्यायला जरा वेळ लागला.